दुर्बिणीची झाकणं

शिकारीसाठी दुर्बीण कोणती घ्यावी, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. बहुतेक ऑफिसातली नवी मुलं असतात. त्यातली काही आपलीच, पुण्याची, नाशिकची. त्यांच्या आयांना अजून वाटतं की पोरगं वीकएंडला ट्रेकिंगला जातं. मी एरवी फार बोलत नाही, पण या विषयावर त्यांना नीट वेळ देतो.

मोठ्या आकड्याला भुलू नका, असं सांगतो. दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण दुकानात भारी वाटते, पण रानात आपला हात थरथरला की समोरचं हरीणही थरथरतं. आमच्या ओहायोत झाडी दाट असते, फार लांबचं बघायचं नसतंच. आठपट पुष्कळ झालं. दुर्बीण हातभर लांब धरा आणि मागच्या भिंगात बघा, उजेडाचं एक गोल नाणं दिसेल. ते जेवढं मोठं तेवढा तिन्हीसांजेचा उजेड डोळ्यापर्यंत जास्त पोचतो, आणि हरीण बाहेर पडतं ते तिन्हीसांजेलाच. मात्र पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाच्या डोळ्याची बाहुलीच पूर्ण उघडत नाही, तेव्हा आपल्या वयाच्या मानानं नाणं निवडा. भर दुपारी दुकानातल्या दिव्यांखाली बघून तर कधीच घेऊ नका. घरी आणा, सूर्य बुडाल्यावर बघा, नाही पटली तर मुदतीत परत करा. आणि एकदाच घ्या, चांगली घ्या. स्वस्तातल्या तीन घेऊन तीनदा हळहळण्यापेक्षा एक घ्या, जी पडली, भिजली, तरी कंपनी जन्मभर दुरुस्त करून देईल. लाँग टर्म इन्व्हेस्टमेंट म्हणून बघा, असं म्हटलं की मुलं लगेच मान डोलावतात. इन्व्हेस्टमेंट म्हटलं की आमच्या लोकांना काहीही विकता येतं, हरणाचा जीव घेणंसुद्धा.

मग ते विचारतात, सर, तुम्ही तुमची कशी निवडली? मी म्हणतो, दोन आणल्या होत्या, घरीच टेस्ट केल्या. ते खरं आहे. कोणाच्या डोळ्यांनी केल्या, ते मी कधी सांगितलेलं नाही.

वडिलांच्या.

वडील नागपूरचे. शाळेत पीटी शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी जिल्ह्याच्या मॅचेसना अंपायर म्हणून उभे राहायचे. पांढरा कोट, खिशात मोजणीचे खडे, आणि चेहऱ्यावर असा भाव की देवानं याच कामासाठी डोळे दिलेत. त्यांना सगळं दिसायचं. बॉल बॅटला घासला की पॅडला, हे तर दिसायचंच. कोणत्या पोरानं बाथरूमच्या मागे काय ओढलं, तेही दिसायचं. घरात कोणी काही नाकारलं की ते एवढंच म्हणायचे, "मला दिसलं." त्यावर अपील नसायचं.

शाळेच्या फायनलला मी चौदा वर्षांचा होतो. मी बॅटिंगला आणि ते अंपायर. बॉल माझ्या पॅडला लागला तो स्पष्ट लेगस्टंपच्या बाहेर चालला होता. बोलर स्वतः अर्धवटच ओरडला होता. त्याचं ओरडणं संपायच्या आत वडिलांचं बोट वर गेलं. पूर्ण शाळेला कळलं की हा माणूस स्वतःच्या मुलालाही सोडत नाही. त्यांना हेच कळायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. रात्री आईनं विचारलं तर भाताचा घास न थांबवता म्हणाले, "मला दिसलं ते मी दिलं."

तेव्हापासून मला त्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं. "मला दिसलं नाही." बाकी कशासाठी मी त्यांच्यावर राग धरला नाही. या एका गोष्टीसाठी, पोक्त वयापर्यंत, नोकरी, घर, ग्रीनकार्ड सगळं होईपर्यंत, मी तो जपून ठेवला.

आई गेल्यानंतर ते एका जुलैत आमच्याकडे, ओहायोतल्या डब्लिनला आले. तीन महिन्यांसाठी. त्यांना काचबिंदू होता. आधीपासूनच होता, आटोक्यात होता. रोज झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालायचे, बस. आपली माणसं आणतात तशी त्यांनी तीन महिन्यांची औषधं मोजून आणली होती. थेंबांच्या बाटल्या एका लोकरी मोज्यात घालून, चिवड्याच्या डब्यात खुपसलेल्या. ऑक्टोबरात मी रजा काढून त्यांना नागपूरला सोडून येणार, असं ठरलं होतं. एकट्यानं विमान बदलणं त्यांना आता जमणारं नव्हतं.

आणि मी त्यांचं तिकीट नाताळापर्यंत पुढे ढकललं. त्यांना सांगितलं, फॉल कलर्स, झाडांच्या पानांचे रंग बघा, दिवाळी आमच्याबरोबर करा. खरं कारण रजा. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर येणाऱ्या सोमवारी बंदुकीच्या शिकारीचा आठवडा सुरू होतो. ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या सहकाऱ्याची दक्षिणेकडे टेकड्यांत जमीन होती. काही वर्षं मी त्याच्याबरोबर जात होतो, त्याचीच जुनी दुर्बीण मागून घेत होतो. त्या वर्षी मला स्वतःची हवी होती, आणि पूर्ण आठवडा हवा होता. ऑक्टोबरात नागपूरला जाऊन आलो असतो तर रजा उरली नसती; नाताळात ऑफिसला सुट्टीच असते.

वडील खूश झाले. हे लिहायलाच हवं. मुलाला आपण आणखी दोन महिने हवे आहोत, असं त्यांना वाटलं. नागपूरला माझ्या बहिणीला फोन करून त्यांनी तसं सांगितलंही.

सप्टेंबरअखेर ते एकदा सकाळी सहज म्हणाले, "थेंब संपत आले रे." मी मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं: इंडियातून कोणी येतंय का, छोटी मेडिसिन आणायची आहे. एकजण नोव्हेंबरमध्ये येणार होता. मी होकाराचा अंगठा टाकला आणि काम झालं असं धरलं. आम्ही असेच वागतो. घरापासून दहा मिनिटांवर औषधाचं दुकान असतं, डोळ्यांचा डॉक्टर असतो. पण व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुनं दुखणं बसत नाही, एवढं एक वाक्य आम्हाला पाठ असतं. मग आम्ही कोणाच्या तरी बॅगेतल्या कोपऱ्याची वाट बघत बसतो. बायको म्हणाली, एकदा इथे दाखवून तर घेऊ. मी म्हटलं, येतोय ना तो नोव्हेंबरमध्ये.

त्याच आठवड्यात दोन दुर्बिणी घरी आल्या. एक जपानी, एक ऑस्ट्रियन. ऑस्ट्रियन दुप्पट महाग. परतीची मुदत होती, आणि मी या कामात जितका काटेकोर होतो तितका आयुष्यात क्वचितच असेन. रोज संध्याकाळी घरामागच्या लाकडी डेकवर बसायचो. सूर्य बुडाला की मागच्या ओढ्यापलीकडच्या झाडाच्या सालीवर रोखायचो. कडेपर्यंत चित्र स्वच्छ राहतं का, चष्म्यासकट अख्खा गोल दिसतो का, फांद्यांच्या कडांना जांभळी किनार येते का. एकट्याच्या डोळ्यांवर भरवसा नको म्हणून वडिलांना शेजारी बसवायचो. एक द्यायचो, मग दुसरी. कोणती उजळ?

ते ऐटीत बघायचे, वेळ घ्यायचे. मग म्हणायचे, "ही. ही चांगली दिसून राहिली." दर वेळी जी शेवटी हातात असेल ती.

दोनतीन संध्याकाळी मी चिडलो. मग चिडणं थांबलं आणि मी बघू लागलो. ते दुर्बीण डोळ्याला लावायच्या आधी भिंग बोटांनी चाचपत होते. चहाचा कप उचलताना हात आधी टेबलावर सरकवत आणत होते. दाराच्या चौकटीला त्यांचा डावा खांदा रोज लागत होता. एका संध्याकाळी, अजून चांगला उजेड असताना, मी ऑस्ट्रियन दुर्बीण त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, शेजाऱ्यांच्या पॅटिओवर खुर्च्या किती? ते म्हणाले, "दोन." चार होत्या. मधल्या दोन आणि दोन्ही कडांना एकेक. मी दुर्बीण काढून घेतली आणि नुसत्या डोळ्यांनी बघायला सांगितलं. तेव्हाही दोन.

मला कळलं. इथे मला स्वच्छ लिहायचं आहे, कारण आजवर मी बायकोलाही सांगत आलो की माझ्या लक्षात आलं नाही. काचबिंदू डोळा कडांकडून खातो, हे मी कधीच वाचलं होतं. कडांकडचं दिसणं हा तर त्या दिवसांत माझा रोजचा अभ्यास होता. मी त्या क्षणी ओळखलं की थेंब नीट पडत नाहीयेत आणि हा माणूस नळीतून बघितल्यासारखं जग बघतोय. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरकडे नेलं असतं तर तपासण्या, फेऱ्या, कदाचित त्यांना लवकर परत पोचवणं, आणि माझा आठवडा गेला असता. पण त्याहून मोठं कारण वेगळं होतं. मला त्यांनी स्वतः म्हणायला हवं होतं.

मी म्हटलं, "नीट बघा बाबा. दोनच?"

"दोनच," ते म्हणाले. "मला दिसतात ना."

बायको दारात उभी होती. म्हणाली, "तू परीक्षा कोणाची घेतोयस, दुर्बिणीची की त्यांची?" मी हसलो. जपानी दुर्बीण परत पाठवली.

कोजागिरी आमच्या डेकवर झाली. पौर्णिमा मंगळवारी होती, म्हणून आम्ही ती आधीच्या शनिवारी केली. पोरांची शाळा असते. चंद्र एका बाजूनं थोडा चेपलेला होता, पण संध्याकाळीच छान वर आला होता. मसाला दूध, भेळ, पंधरावीस माणसं, आणि माझी नवी दुर्बीण या हातातून त्या हातात. लोक खड्डे बघत होते, किंमत विचारत होते. मी किंमत सांगत नव्हतो, म्हणजे ती भरपूर आहे हे सगळ्यांना कळत होतं.

वडील कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. कोणीतरी म्हणालं, "अरे, काकांना द्या, थर्ड अंपायरकडे जाऊ दे." सगळे हसले. वडीलही हसले आणि पाठ ताठ करून बसले.

दुर्बीण माझ्याकडेच होती. पुढच्या भिंगांना रबरी झाकणं आहेत, बिजागरीवर खाली लोंबकळणारी. मी ती दोन्ही वर करून दाबली. टक, टक. जवळच्या दोघातिघांना डोळा मारला. आणि दुर्बीण वडिलांच्या हातात दिली.

त्यांनी ती डोळ्याला लावली. चंद्राच्या दिशेला मान बरोबर नेली, तेवढा उजेड त्यांना कळत होता. मग थांबले. खूप वेळ थांबले. मागे कुजबुज सुरू झाली, एकानं फोन वर धरला.

"काय काका, दिसतोय?"

"एकदम साफ दिसून राहिला."

"डाग पण दिसतायत?"

"दिसतात ना. ससा आहे."

हसू फुटलं. एकाच्या हातातलं दूध सांडलं, ते बघून आणखी हसले. मीही हसलो, माझा आवाज त्या व्हिडिओत सगळ्यात जास्त आहे. वडिलांनी दुर्बीण खाली घेतली. त्यांचा अंगठा पुढच्या बाजूवरून सावकाश फिरला, एका झाकणावरून, मग दुसऱ्या. त्यांनी ती उघडली नाहीत. तशीच दुर्बीण माझ्याकडे धरून म्हणाले, "चांगली घेतलीस." मग दुधाचा पेला शोधायला हात टेबलावर ठेवला.

व्हिडिओ ग्रुपवर पडला. खाली हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. जरा वर सरकवलं असतं तर तिथेच माझा मेसेज होता, इंडियातून कोणी येतंय का.

ज्याच्याकडून थेंब यायचे होते त्याचं येणं डिसेंबरवर गेलं. मी कळवलं तर वडील म्हणाले, "चालते. मी पुरवून घालून राहिलो." पुरवून म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. पुढे बायकोकडून कळलं: फक्त उजव्या डोळ्यात, तेही एक दिवस आड. डावा त्यांनी सोडून दिला होता. तिला म्हणाले होते, अंपायरला एक डोळा पुरतो, त्याला सांगू नको, त्याचा सीझन आहे.

बंदुकीच्या आठवड्यातला तिसरा दिवस. मी झाडावरच्या मचाणावर बसलो होतो, म्हातारा सहकारी टेकडीच्या पलीकडे. सूर्य बुडून गेला होता. सूर्यास्तानंतर अर्धा तास गोळी घालायला परवानगी असते आणि याच अर्ध्या तासासाठी मी ती दुर्बीण घेतली होती. नुसत्या डोळ्यांना समोर राखाडी चिखल होता. दुर्बीण लावली की त्यातून एकेक फांदी वेगळी होऊन यायची. खिशात फोन थरथरला. बायको. मी तो थरथरू दिला. ओढ्याच्या अलीकडे काहीतरी हललं. फोन परत थरथरला. दुर्बिणीत एक मादी होती, कान पुढे, नाकपुडीवरचा ओलावासुद्धा दिसत होता. फोन तिसऱ्यांदा. मी दुर्बीण छातीवर सोडली, बंदूक उचलली आणि घाई केली.

गोळी पोटात लागली. ते आवाजावरूनच कळतं. पोटात लागलेलं हरीण लगेच पडत नाही, चालत राहतं. आम्ही डोक्याला दिवे लावून रक्त शोधत गेलो. ती ओढ्याच्या काठी बसलेली सापडली, जिवंत, मान वर, डोळे दिव्याकडे. म्हातारा मला म्हणाला की हे तुझं आहे, तूच संपव. मी संपवलं. मग हात पुसले आणि बायकोला फोन लावला.

वडील बेसमेंटच्या जिन्यावरून पडले होते. दिवा लावलेला होता. पायरी त्यांना दिसली नव्हती. मनगट मोडलं होतं. ती त्यांना एकटीच गाडीत घालून अर्जंट केअरला, तातडीच्या दवाखान्यात घेऊन गेली होती, आणि तिथल्या डॉक्टरनं प्लास्टर घालता घालता सहज एक बोट त्यांच्या कानाजवळून पुढे आणत विचारलं होतं की कधी दिसायला लागतं ते सांगा. बोट जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत वडील गप्प होते.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेलं. डावा गेला होता. उजव्यात मधोमध थोडं उरलं होतं. गेलेलं परत येत नाही, ऑपरेशननंही नाही. उरलेलं राखायला थेंब हवेत, डॉक्टर म्हणाल्या, आणि लिहून दिले. घरी जाताना वाटेतल्या दुकानात ते मिळाले. कुठल्याही साध्या औषधासारखे, कागदी पिशवीत. किंमत लिहीत नाही, पण मी जन्मात विसरणार नाही इतकी कमी होती. डॉक्टरनं विचारलं होतं की मध्ये औषध बंद होतं का. मी तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "माझंच राहून गेलं." मला त्याचं इंग्रजी करून सांगावं लागलं. ते मी केलं, शब्दाला शब्द.

गाडीत बसल्यावर मी पट्टा लावला नाही. म्हटलं, "बाबा, कोजागिरीला झाकणं मी मुद्दाम लावली होती."

"माहीत आहे," ते म्हणाले. "आवाज आला होता ना. टक टक."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? दिसत नाही म्हणून?"

ते समोर बघत होते, किंवा समोर तोंड करून होते. प्लास्टरचा हात मांडीवर.

"मला वाटलं, तू काढशील."

मी गाडी सुरू केली. आणखी काही बोलणं झालं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. नाताळात मी त्यांना नागपूरला बहिणीकडे सोडून आलो. माफी मागण्याइतका एकांत मला त्याआधीच्या तीनेक आठवड्यांत रोज मिळत होता.

परत आल्यावर मी ती दोन्ही झाकणं ओढून उपटली आणि कचऱ्यात टाकली. दुर्बीण टाकली नाही. टाकवली नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं, पण मी तिचा विचारही केला नाही. ती चांगली होती. पुढच्या वर्षी बिजागरी सैल झाली म्हणून कंपनीकडे पाठवली. महिन्याभरात परत आली, घासूनपुसून, नव्यासारखी. झाकणं हरवलेली दिसली म्हणून त्यांनी नवी बसवून दिली होती. फुकट, वॉरंटीत. ती अजून आहेत. मी अजून जातो.

रविवारी सकाळी वडिलांशी व्हिडिओ कॉल असतो. बहीण फोन धरते. ते विचारतात, "यंदा मिळालं का हरीण?" मी सांगतो. किती वाजता, किती उजेड होता, कुठून आलं. त्यांना बारीकसारीक ऐकायचं असतं, आणि मी काही वगळत नाही. बोलताना मी जरा बाजूला झालो, कॉफी घ्यायला वाकलो, तर ते थांबतात. त्यांची मान फोनसमोर हळूहळू फिरत राहते.

"मधे ये जरा," ते म्हणतात.

मी मधे येतो.